दुहेरी बंध दोन, पण नेमक्या जागी

एरंडेल तेल लाकडी फळीवर पातळ पसरून ठेवले, तर कितीही दिवस गेले तरी ते चिकटच राहते. जवसाच्या तेलाचा मात्र काही दिवसांत कोरडा पापुद्रा होतो. तेच एरंडेल निर्वात भांड्यात, सोडियम बायसल्फेटसारखा आम्लधर्मी उत्प्रेरक घालून, सुमारे अडीचशे अंश सेल्सिअसला तापवले की त्यातून पाण्याची वाफ निघू लागते, आणि शेवटी हाती येणारे तेल जवसासारखे सुकते. रंग आणि रेझिनच्या धंद्यात याला ‘डीसीओ’ (डीहायड्रेटेड कॅस्टर ऑइल, म्हणजे पाणी काढलेले एरंडेल) म्हणतात; ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात अल्किड रेझिनचे काम केलेल्या माणसाला हे नाव सांगावे लागत नाही. त्या भांड्यात घडणारी क्रिया मात्र सेंद्रिय रसायनशास्त्रातली एक मूलभूत क्रिया आहे. एक दुहेरी बंध असलेल्या साखळीत दुसरा दुहेरी बंध तयार होतो, म्हणजेच तिचे डायीन बनते.

एरंडेलातल्या मेदाम्लांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के वाटा रिसिनोलिइक आम्लाचा असतो. अठरा कार्बनांच्या या साखळीत नवव्या आणि दहाव्या कार्बनच्या मध्ये दुहेरी बंध असतो, तर बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो. उत्प्रेरक हा गट पाण्याच्या रूपाने बाहेर काढतो. पण पाणी होण्यासाठी लागणारा हायड्रोजन शेजारच्या कोणत्या कार्बनवरून घेतला गेला, यावर पुढचे सारे ठरते. तो अकराव्या कार्बनवरून घेतला, तर नवा दुहेरी बंध अकरा-बारामध्ये येतो आणि जुन्या व नव्या दुहेरी बंधांत केवळ एक एकेरी बंध उरतो. तेराव्यावरून घेतला, तर नवा बंध बारा-तेरामध्ये जातो आणि मध्ये एक संपृक्त, म्हणजे फक्त एकेरी बंध असलेला, कार्बन मोकळा राहतो. पहिल्या प्रकारचे तेल लवकर सुकते, म्हणून कारखान्याला तो हवा असतो. प्रत्यक्षात दोहोंचे मिश्रण मिळते आणि त्यात बहुधा दुसराच प्रकार अधिक असतो. त्यामुळे क्रिया अर्ध्या वेळात उरकणाऱ्या उत्प्रेरकापेक्षा पहिल्या प्रकाराचा वाटा थोडासा वाढवणारा उत्प्रेरक कारखानदाराला अधिक मोलाचा वाटतो. डायीन बनवण्याच्या सगळ्याच पद्धतींकडे मी याच नजरेने पाहतो, कारण रेणूत दोन दुहेरी बंध आणणे फारसे अवघड नसते, ते हव्या त्या जागी आणि हव्या त्या दिशेने आणणे अवघड असते.

जागेनुसार डायीनचे तीन प्रकार पडतात. दोन्ही दुहेरी बंध एकाच कार्बनवर टेकले असतील तर त्याला अ‍ॅलीन म्हणतात, आणि हा प्रकार तिघांत सर्वांत अस्थिर असतो. दोहोंमध्ये एक किंवा अधिक संपृक्त कार्बन असतील तर दोन्ही बंध एकमेकांशी संबंध नसल्यासारखे वागतात. मध्ये फक्त एक एकेरी बंध असेल तर ते संयुग्मी डायीन होय, आणि रसायनशास्त्रज्ञ नुसते ‘डायीन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा हेच असते. यातला सर्वांत साधा रेणू म्हणजे १,३-ब्युटाडाइन. त्यात चार कार्बन आणि सहा हायड्रोजन असून तो उणे ४.४ अंशांना उकळतो, म्हणजे नेहमीच्या तापमानाला तो वायूच असतो. साधा एकेरी कार्बन-कार्बन बंध १५४ पिकोमीटर लांब असतो आणि दुहेरी १३४. ब्युटाडाइनमधला मधला बंध सुमारे १४७ भरतो. दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन त्या मधल्या बंधावर थोडेसे पसरलेले असल्यामुळे तो आखूड होतो आणि रेणूला मोलमागे सुमारे १५ किलोज्यूल इतके स्थैर्य मिळते. हे स्थैर्य बेताचेच आहे. त्याच पसरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे संयुग्मी डायीन दोन्ही टोकांनी एकाच वेळी अभिक्रिया करू शकते, आणि ऑटो डील्स व कुर्ट आल्डर यांनी १९२८ मध्ये वर्णन केलेली, सहा कार्बनांचे कडे एका झटक्यात जोडणारी अभिक्रिया याच गुणावर उभी आहे. या कामासाठी दोघांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ब्युटाडाइनचा मोठा उपयोग टायरच्या रबरात होतो. नाफ्था, म्हणजे खनिज तेलातला हलका द्रव भाग, वाफेबरोबर आठशे अंशांच्या वर तापवून तोडला की इथिलीन आणि प्रोपिलीनच्या जोडीला चार कार्बनांच्या वायूंचे एक मिश्रण मिळते आणि त्यातून ब्युटाडाइन वेगळे काढतात. इथे डायीन हे उपउत्पादन असते आणि ते घडवण्यासाठी उत्प्रेरक लागत नाही, त्यामुळे ही पद्धत आपल्या विषयाच्या काठावरच राहते. तरीही तिचा उल्लेख करावा लागतो, कारण बाकीच्या पद्धती परवडतात की नाही हे तीच ठरवते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिल कंपनीचा क्रॅकर, म्हणजे असा तोडणीचा कारखाना, होता तो नाफ्थावर चालणारा. रायगडातल्या नागोठण्याच्या क्रॅकरची उभारणी उरणहून येणाऱ्या इथेन-प्रोपेनवर झाली. कच्चा माल जितका हलका, तितके चार कार्बनांचे वायू कमी मिळतात. इथेनच्या क्रॅकरमधून ब्युटाडाइन नावापुरतेच निघते. जगभर इथेनचे क्रॅकर वाढू लागले तेव्हा ब्युटाडाइन मुद्दाम बनवण्याच्या जुन्या पद्धतींकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले, त्याचे कारण हेच आहे.

मुद्दाम बनवण्याची सरळ वाट म्हणजे ब्युटेनमधून हायड्रोजनचे चार अणू काढून घेणे. कागदावर ही क्रिया सोपी दिसते. प्रत्यक्षात तिला मोलमागे सुमारे २३६ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते आणि वायूच्या एका रेणूचे तीन रेणू होतात, म्हणून तापमान सहाशे अंशांच्या आसपास आणि दाब वातावरणाहून कमी ठेवावा लागतो. उत्प्रेरकाने ही अट सैल होत नाही. ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगराला वळसा घालण्याऐवजी गाडी बोगद्यातून गेली की वेळ वाचतो, पण त्यामुळे डोंगराच्या दोन बाजूंच्या गावांची उंची बदलत नाही. उत्प्रेरक तसाच वाट सोपी करतो, आणि समतोलाच्या वेळी किती ब्युटेन उरणार व किती ब्युटाडाइन होणार हे मात्र तापमान आणि दाब ठरवतात. युजीन हूड्री यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९४० च्या दशकात वापरात आलेल्या पद्धतीत हे काम अ‍ॅल्युमिनावर बसवलेले क्रोमियम ऑक्साइड करते. इतक्या तापमानाला काही डायीनचा कोळसा होऊन तो उत्प्रेरकावर साचतो आणि काही मिनिटांतच त्याचा जोर ओसरतो. तेव्हा ब्युटेन बंद करून गरम हवा सोडतात आणि कोळसा जाळून टाकतात. या ज्वलनाची उष्णता उत्प्रेरकाच्या थरातच साठते आणि पुढच्या फेरीला लागणारी बरीचशी उष्णता तीच पुरवते. एक रिअ‍ॅक्टर क्रियेत, दुसरा सफाईत, तिसरा ज्वलनात, अशी आळीपाळी चालू राहते. अडचणीचाच इंधन म्हणून उपयोग करणारी ही रचना मला रासायनिक अभियांत्रिकीतल्या देखण्या रचनांपैकी एक वाटते.

समतोलाची अडचण टाळण्याचा दुसरा उपाय म्हणजे निघालेला हायड्रोजन ऑक्सिजनला देऊन त्याचे पाणी करून टाकणे. मग क्रिया उष्णता मागण्याऐवजी देऊ लागते आणि मागे फिरत नाही. ब्युटीनपासून ब्युटाडाइन करताना बिस्मथ मॉलिब्डेट किंवा जस्त-लोहाचे फेराइट वापरतात. बिस्मथ मॉलिब्डेटवर हायड्रोजन उचलून नेतो तो उत्प्रेरकाच्या स्फटिकातला ऑक्सिजन, आणि त्याची रिकामी झालेली जागा हवेतला ऑक्सिजन नंतर भरून काढतो. मात्र ऑक्सिजनच्या सहवासात डायीन ब्युटीनहून लवकर जळू शकते. उत्प्रेरकाने पहिले दोन हायड्रोजन काढावेत आणि तिथेच थांबावे, डायीनला पृष्ठभागावरून लवकर सोडून द्यावे, एवढीच अपेक्षा असते, आणि तीच पुरी करणे कठीण जाते.

अल्कोहोलची वाट यापेक्षा जुनी आहे आणि ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला ती जवळची वाटावी. इथेनॉलच्या दोन रेणूंपासून ब्युटाडाइनचा एक रेणू, पाण्याचे दोन आणि हायड्रोजनचा एक, असा हिशेब बसतो; म्हणजे १०० किलो इथेनॉलपासून अगदी सगळे जमून आले तरी सुमारे ५९ किलोच ब्युटाडाइन मिळणार. सेर्गेई लेबेदेव यांनी ही क्रिया एकाच टप्प्यात करून दाखवली आणि १९३२ मध्ये सोव्हिएत रशियात यारोस्लाव्हल येथे तिच्यावर आधारलेला रबराचा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेनेही सुरुवातीच्या काळात ब्युटाडाइनचा मोठा वाटा अल्कोहोलपासूनच घेतला, पण दोन टप्प्यांत: आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि मग सिलिकावरच्या टँटलम ऑक्साइडवर त्याची इथेनॉलशी क्रिया. आपल्याकडे बरेलीजवळच्या सिंथेटिक्स अँड केमिकल्सच्या कारखान्यात १९६० च्या दशकात अल्कोहोलपासूनच ब्युटाडाइन करून कृत्रिम रबर बनवू लागले.

एका टप्प्याच्या पद्धतीत उत्प्रेरकाला किती कामे करावी लागतात हे नीट पाहण्यासारखे आहे. इथेनॉलमधून हायड्रोजन निघून अ‍ॅसिटाल्डिहाइड होते. त्याचे दोन रेणू जोडले जाऊन पाणी गेले की क्रोटोनाल्डिहाइड होते. दुसरा इथेनॉल त्याला हायड्रोजन देऊन स्वतः अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतो आणि क्रोटिल अल्कोहोल तयार होते. शेवटी त्यातून पाणी निघाले की ब्युटाडाइन मिळते. जोडणीच्या टप्प्याला अल्कधर्मी जागा लागतात, पाणी काढण्याला आम्लधर्मी जागा लागतात, आणि दोन्ही एकाच दाण्यावर शेजारी शेजारी असाव्या लागतात. मॅग्नेशियम ऑक्साइड आणि सिलिका यांच्या मिश्रणाला इथे महत्त्व आहे ते यामुळेच. आम्लाची बाजू थोडी वरचढ झाली तर इथेनॉल थेट पाणी गमावून इथिलीन किंवा ईथर होऊन बसते, आणि अल्काची झाली तर शेवटचा टप्पा अडतो. एरंडेलाच्या भांड्यात एका हायड्रोजनची निवड होती. इथे प्रत्येक टप्प्याला निवड आहे.

टायरसाठी लागणारे ब्युटाडाइन लाखो टनांत बनते आणि त्याचा रेणू एकच एक आहे. औषधे, सुगंध किंवा कीटकांचे कामगंध (जोडीदाराला बोलावणारे वास) यांत लागणाऱ्या डायीनचा प्रश्न निराळा असतो. तिथे माल किलोत किंवा ग्रॅममध्ये लागतो, पण प्रत्येक दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या एकाच अंगाला आहेत की विरुद्ध अंगांना, हे चुकून चालत नाही. एका अंगाला असतील तर झेड आणि विरुद्ध अंगांना असतील तर ई, अशी त्याची खूण आहे. दोन दुहेरी बंध असले की चार रूपे संभवतात. कपाशीच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी जे कामगंध सापळे लावतात, त्यांच्या वडीत गॉसिप्ल्यूर नावाचे द्रव्य असते. सोळा कार्बनांच्या साखळीत सातव्या आणि अकराव्या कार्बनपाशी दुहेरी बंध असलेल्या अ‍ॅसिटेटची ही दोन रूपे आहेत, झेड-झेड आणि झेड-ई, आणि मादी पतंग ती जवळपास सारख्या प्रमाणात सोडते. नर पतंगाला ओळख पटते ती या प्रमाणाची.

झेड बंध हवा असेल तर सर्वांत विश्वासाची जुनी रीत म्हणजे तिहेरी बंधावर हायड्रोजनचा एकच रेणू चढवणे. हायड्रोजन चढवण्यासाठी वापरला जाणारा पॅलेडियम हा धातू साधा वापरला तर इथे थांबत नाही. तो तिहेरीचा दुहेरी आणि दुहेरीचा एकेरी करून मोकळा होतो. हर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ मध्ये कॅल्शियम कार्बोनेटवर पॅलेडियम बसवून त्याला शिशाच्या क्षाराने मुद्दाम ‘विष’ दिले. क्विनोलीन घातले की हा उत्प्रेरक आणखी मवाळ होतो. दोन्ही हायड्रोजन पृष्ठभागाकडूनच, म्हणजे एकाच अंगाने येतात, म्हणून झेड बंध मिळतो. ही रीत गॉसिप्ल्यूरसारख्या, मध्ये अंतर असलेल्या डायीनसाठी उत्तम आहे. संयुग्मी डायीनसाठी ती मला तितकी भरवशाची वाटत नाही, कारण तिथे तयार झालेले डायीन स्वतःच पुन्हा पॅलेडियमला चिकटते आणि हायड्रोजन कधी बंद करायचा याचा अंदाज फार बारीक ठेवावा लागतो.

संयुग्मी डायीनसाठी खरी सोय झाली ती दोन तुकडे जोडण्याच्या पद्धतीने. एका तुकड्यात एक दुहेरी बंध, दुसऱ्यात दुसरा, आणि मधला एकेरी बंध उत्प्रेरकाने घडवायचा. होक्काइदो विद्यापीठातल्या नोरिओ मियाउरा आणि अकिरा सुझुकी यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेली जोडणी आज बेंझिनची दोन कडी जोडण्यासाठी अधिक ओळखली जाते; पण तिच्या अगदी आरंभीच्या निबंधातली उदाहरणे डायीनची होती, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. टोकाला तिहेरी बंध असलेल्या रेणूवर बोरॉनचे संयुग चढवले की बोरॉन आणि हायड्रोजन एकाच अंगाने बसतात आणि ई रूपाचा तुकडा हमखास मिळतो. दुसरा तुकडा ब्रोमिन किंवा आयोडिन असलेला. पॅलेडियम आधी कार्बन आणि हॅलोजनच्या (म्हणजे त्या ब्रोमिन किंवा आयोडिनच्या) मध्ये शिरते. मग अल्काच्या मदतीने बोरॉनवरचा तुकडा आपल्याकडे ओढून घेते. आणि शेवटी दोन्ही तुकडे एकमेकांना देऊन स्वतः पहिल्या स्थितीत परत येते. या फेऱ्यात दोन्ही दुहेरी बंधांची मूळ रूपे शाबूत राहतात. ई आणि झेड तुकडे हवे तसे निवडले की चारही रूपे हव्या त्या क्रमाने बनवता येतात. अल्क वगळले तर मधला टप्पा अडून राहतो आणि काहीच होत नाही. सुझुकी, रिचर्ड हेक आणि एइइची नेगिशी यांना २०१० चे नोबेल मिळाले ते पॅलेडियमच्या अशाच जोडण्यांसाठी.

नेगिशींच्या पद्धतीत बोरॉनच्या जागी जस्त असते आणि ती अधिक चपळ असते. स्टिलेंच्या पद्धतीत कथील असते, जी प्रयोगशाळेत फार सोयीची आहे, पण कथिलाची सेंद्रिय संयुगे विषारी असल्यामुळे औषधाच्या कामात ती टाळलेली बरी. महापे-रबाळ्याच्या पट्ट्यात काम करणाऱ्याच्या दृष्टीने बोरॉनचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे. जुलैत हवा इतकी दमट असते की जस्त किंवा मॅग्नेशियमची संयुगे हाताळताना प्रत्येक नळी, प्रत्येक सुई भट्टीत वाळवून घ्यावी लागते. बोरॉनिक आम्लांना पाण्याचे वावडे नाही. या जोडणीत पाणी मुद्दाम घालतातही. काळजी घ्यावी लागते ती ऑक्सिजनची. टेट्राकिस म्हणून ओळखला जाणारा पॅलेडियमचा उत्प्रेरक ताजा असताना पिवळाधमक असतो आणि हवा लागलेला जुना नमुना हिरवट-तपकिरी दिसू लागतो. म्हणून द्रावणातून आधी बराच वेळ नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे आणि मगच उत्प्रेरक टाकायचा. क्रिया कुठवर आली हे पाहायला टीएलसीची (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची) पट्टी पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवली की जांभळ्या पार्श्वभूमीवर डायीनचा पिवळा ठिपका लगेच उमटतो. फ्लास्कच्या काचेवर काळी झाक दिसू लागली, तर पॅलेडियम धातू होऊन बाहेर पडत आहे आणि फेरा मंदावला आहे असे समजावे.

उत्प्रेरक न वापरता डायीन करण्याची विटिग अभिक्रिया रसायनशास्त्रज्ञांना परिचित आहे आणि ती आजही चालते; तिच्यात फॉस्फरसचे एक संयुग आल्डिहाइडमधला ऑक्सिजन काढून घेते आणि त्या जागी दुहेरी बंधाने कार्बन बसवते. तिचा खर्च दिसतो तो कचऱ्यात. दालचिनीच्या तेलातल्या सिनामाल्डिहाइडला एक कार्बन जोडून फिनिलब्युटाडाइन केले, तर १३० ग्रॅम डायीनमागे २७८ ग्रॅम ट्रायफिनिलफॉस्फिन ऑक्साइड उरते आणि ते वेगळे काढणे किचकट असते. याच्या अगदी उलट टोकाला ईन-आइन मेटाथिसिस आहे. त्यात एका रेणूतला दुहेरी बंध आणि दुसऱ्यातला तिहेरी बंध रुथेनियमच्या उत्प्रेरकावर असे जुळतात की दोहोंचे सारे अणू एका संयुग्मी डायीनमध्ये सामावतात आणि काहीच उरत नाही. मिवाको मोरी यांनी दाखवून दिले की ही क्रिया इथिलीनच्या वातावरणात अधिक सुरळीत चालते. या रुथेनियम उत्प्रेरकांमागचे काम करणारे रॉबर्ट ग्रब्स यांना इव्ह शोवँ आणि रिचर्ड श्रॉक यांच्यासह २००५ चे नोबेल मिळाले. कड्याच्या आत डायीन हवे असेल तर मी आधी याच पद्धतीचा विचार करीन. मोकळ्या साखळीत मात्र ई आणि झेड यांवर तिचा ताबा सैल पडतो आणि तिथे बोरॉनची जोडणी पुढे राहते.

डायीन बनले की ते टिकवावेही लागते. ब्युटाडाइन आणि आयसोप्रीन (त्याच्यासारखेच पाच कार्बनांचे डायीन) यांत टीबीसी (टर्ट-ब्युटिल कॅटेकॉल) नावाचे रोधक मिसळून ठेवतात, कारण हवेतल्या ऑक्सिजनने पेरॉक्साइड तयार होतात आणि त्यांच्यामुळे पॉलिमरची साखळी आपोआप सुरू होऊ शकते. ब्युटाडाइनच्या कारखान्यात नळ्यांच्या आत फुगत जाणारा, लाह्यांसारखा दिसणारा पॉलिमर हा नेहमीचा धोका असतो, इतका की त्याचे नावच ‘पॉपकॉर्न’ पडले आहे.

औषधाच्या कामात आणखी एक हिशेब येतो. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून अधिक पॅलेडियम पोटात जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, आणि डायीनचे इलेक्ट्रॉन पॅलेडियमला धरून ठेवत असल्यामुळे ते धुऊन काढणे साध्या रेणूंपेक्षा जड जाते. म्हणून जोडणीचा टप्पा शक्य तितका आधी घेतात, म्हणजे पुढच्या प्रत्येक स्फटिकीकरणात थोडे थोडे पॅलेडियम निघून जाते. रेणूतले डायीन इतके नाजूक असेल की ते शेवटीच जोडावे लागते, तर गंधक असलेल्या सिलिकाच्या थरातून द्रावण गाळून धातू धरून ठेवावा लागतो, आणि त्या सिलिकाचा खर्च पद्धत निवडतानाच किमतीत धरावा लागतो.